झाकण माझं होतं

...आणि वर मलाच सांगतात, ‘जाऊ दे ना, एवढंसं झाकण ते!’ एवढंसं? अहो, एवढंसं म्हणून काय झालं? नाक केवढंसं असतं? पण कापलं तर कळतं ना! तुम्ही बसा, नीट टेकून बसा, मी थोडक्यात सांगतो... म्हणजे थोडक्यात मला जमत नाही, बायको म्हणते तुम्हाला थोडक्यात फक्त जांभई देता येते, पण ते असो. मुद्दा एकच. झाकण माझं होतं!

तुम्हाला सांगतो, सात नंबरचं लेथ. एकतीस वर्षं मी त्यावर पंपाचे शाफ्ट कातले. माझी मुलं मला कधी ओळखायला लागली ते मला आठवत नाही, पण सात नंबर कुठल्या दिवशी कुठल्या सुरात कुरकुरायचं ते आजही सांगतो. तर एक दिवस काय झालं, शाफ्ट एका टोकाला जाड आणि एका टोकाला बारीक यायला लागला. एक आला, दोन आले, पाच आले... सगळे गाजरासारखे! आणि गेटवर ट्रक उभा. संध्याकाळपर्यंत चाळीस शाफ्ट भरून द्यायचे. मी बोलावलं उस्तादला. उस्ताद म्हणजे आमचा फिटर. सगळा कारखाना त्याला उस्तादच म्हणायचा, त्याची सासूसुद्धा गेटवर येऊन ‘उस्ताद आहेत का’ विचारायची! तो आला, फरशीवर आडवा झाला, गाल जमिनीला लावला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, ‘मागचा डावा पाय खचलाय. अर्धा मिलिमीटर.’ डोळ्यानं हो! पट्टी नाही, काही नाही!

आता पायाखाली अर्ध्या मिलिमीटरची पत्ती सरकवायची, की झालं काम. पण पत्ती कुठाय? स्टोअरमध्ये. स्टोअरला कुलूप. किल्ली कुणाकडे? स्टोअरवाल्याकडे. स्टोअरवाला कुठाय? मेहुणीच्या साखरपुड्याला! आणि तो असता तरी काय, तीन फॉर्म, तीन रंगांचे, वर साहेबांची सही, आणि साहेबांचा नियम भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेला: ‘स्टोअरबाहेरची वस्तू मशीनला लावणाऱ्यास घरी बसवण्यात येईल.’ आमच्या खात्यात कातायला जाडजूड सळया, पातळ पत्रा म्हणाल तर औषधालाही नाही! तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. मी तिथंच खोक्यावर बसून डबा उघडला, झाकण बाजूला ठेवलं... आणि उस्ताद त्या झाकणाकडे बघायला लागला. मी म्हटलं, जेवतोस का? त्यानं झाकण उचललं, अंगठ्यानं दाबलं, कानाजवळ नेऊन टिचकी मारली आणि म्हणाला, ‘अर्धाच आहे रे.’

मी काय म्हणालो असेन? मला चाळीस शाफ्ट दिसत होते! म्हटलं, ‘काप!’ कापलं हो त्यानं, पत्र्याच्या कात्रीनं, मधला गोल तुकडा, माझ्या डोळ्यांदेखत. पायाखाली सरकवला, बोल्ट आवळला, मशीन सुरू केलं... शाफ्ट असा आला, असा सरळ, की त्याच्याकडे बघून माणसानं भांग पाडावा! उस्तादनं मला कोपऱ्यात घेतलं, खांद्यावर हात टाकला आणि कानात म्हणाला, ‘हे तुझ्या-माझ्यात. तिसऱ्याला कळलं तर दोघं घरी. पण लक्षात ठेव, हे मशीन आता तुझ्या झाकणावर उभं आहे.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं, काय सांगू! आयुष्यात कुणी एवढं मोठं बोललं नव्हतं मला.

घरी गेलो. डब्यावर वर्तमानपत्र, त्यावर सुतळी. बायको म्हणते, ‘झाकण कुठंय?’ म्हटलं, हरवलं. ‘डबा आहे आणि झाकण हरवलं? म्हणजे उडालं?’ म्हटलं, तसंच काहीतरी. ‘माझ्या भावानं दिलेला डबा तो! डोकं हरवून आला असतात तर एवढं वाटलं नसतं, त्याचा तसाही उपयोग नाही!’ ऐकून घेतलं. पुढं वर्षानुवर्षं मी डब्यावर बशी उपडी ठेवून कामाला गेलो, रोज एकदा तरी आमटी पिशवीत, रोज बोलणी, पण तोंडातून शब्द काढला नाही. का? तर दिलेला शब्द! रोज शिफ्ट सुरू करताना त्या मागच्या डाव्या पायाला हळूच थाप मारायची आणि मनात म्हणायचं, झाकण माझं होतं! अकरा वर्षं चाललं ते मशीन तसं. अकरा! मी निवृत्त झालो, पुढं कारखानाही बंद झाला, पण तोपर्यंत सात नंबर ताठ उभं होतं.

आता ऐका खरी गंमत. म्हणजे गंमत नाही, अन्याय! आम्ही जुने चारपाच जण दर रविवारी वेल्डरच्या गच्चीवर जमतो. चहा घ्यायचा, गेलेल्या माणसांची आठवण काढायची, साहेबांची नक्कल करायची. आवाज सगळ्यांचे मोठे, कारण जन्म गेला मशिनींच्या खडखडाटात. खालच्या मजल्यावरची बाई दर रविवारी विचारते, ‘आज कोणाचं भांडण होतं?’ अहो, आम्ही तब्येतीची चौकशी करत होतो! तर अशा एका रविवारी जुन्या कामगारांना शोधत एक मुलगी आली. डोक्यावर पिवळी टोपी, हातात वही. कारखान्याच्या जागेवर जे मोठमोठे फ्लॅट होतायत ना, तिथली इंजिनिअर. म्हणाली, ‘काका, जुनं एक लेथ आम्ही गेटपाशी चौथऱ्यावर ठेवतोय, शोभेला. उचललं तर पायाखाली हे सापडलं.’ आणि तिनं रुमालातून काढला... काळा, तेलकट, गोल तुकडा. ‘डब्याचं झाकण आहे ना हे? किती ग्रेट! शेजारी बोर्ड लावणार आहोत, त्यावर गोष्ट लिहायची आहे. ज्याचं झाकण, त्याचं नाव टाकणार. कुणाचं हे?’

मी उठलो. तुम्हाला सांगतो, गुडघा दुखत असताना उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, ‘झाकण माझं होतं!’

पण आवाज चार आले.

चार! एक माझा. एक वेल्डरचा. एक भोंग्याचा, भोंगा म्हणजे माझ्याच लेथवर दुसऱ्या शिफ्टला असायचा तो, मशीन चालू असताना त्याचं बोलणं रस्त्यापलीकडं ऐकू जायचं म्हणून भोंगा. आणि चौथा कोण? टाइमकीपर! जो माणूस आयुष्यात घड्याळाशिवाय कशाला शिवला नाही, दोन मिनिटं उशीर झाला तर हजेरीच्या कार्डावर लाल रेघ मारायचा, तो म्हणतो झाकण माझं! मी म्हटलं, तू? तुला लेथचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते तरी माहीत आहे का? तर तो म्हणतो, ‘उस्तादनं मला कोपऱ्यात घेतलं होतं.’ भोंगा म्हणतो, ‘मलाही घेतलं होतं!’ वेल्डर म्हणतो, ‘माझ्या तर खांद्यावर हात टाकला होता!’ अहो, मग माझ्या खांद्यावर काय कावळा बसला होता?

मी म्हटलं, पुरावा आणा! पुढच्या रविवारी सगळे आपापले डबे आणा! मी आणला. बायको म्हणाली, ‘बशी राहू दे घरी, पाचांतली एवढीच उरली आहे.’ गच्चीवर डबा ठेवला, विजयी चेहऱ्यानं वर बघितलं... तर समोर ओळीनं चार डबे आणि एकालाही झाकण नाही! चार बोडके डबे, आणि चार म्हातारे एकमेकांकडे बघतायत. आणि बाजूला खुर्चीत उस्ताद. हो, तो होता ना! दोन्ही रविवारी होता! बशीत चहा ओतून फुंकर मारत बसला होता, जसं काही दुसऱ्याच कुणाच्या घरचं लग्न आहे.

मग मला सुचलं. नंबर! आमच्या कँटीनमध्ये डबे गरम करायची एकच मोठी फळी होती, पाचशे डबे, सगळे सारखे, म्हणून प्रत्येकानं झाकणाच्या मधोमध खिळ्यानं आपला टोकन नंबर कोरलेला असायचा. माझा दोनशे अडतीस. ती मुलगीही आली होती निकाल ऐकायला. म्हटलं, पोरी, तो तुकडा आण इकडं! वेल्डरनं रॉकेल आणलं, चिंधी आणली. घासतोय, घासतोय... सगळे वाकलेत, डोकी एकमेकांना लागतायत, भोंगा श्वास घेतोय तोही मोठ्यानं... आणि आकडा दिसला. चारशे बारा.

चारशे बारा कोण? माझा नाही. भोंग्याचा नाही. वेल्डरचाही नाही. टाइमकीपरला पाचशे नंबर तोंडपाठ, त्यानं हळूच मान वळवली. उस्तादचा!

तुम्हाला सांगतो, मी त्याच्यावर तुटून पडलो. म्हटलं, चोरा! आमची झाकणं खाल्लीस? त्यानं चहा संपवला, बशी पुसली आणि म्हणाला, ‘अरे, झाकण ते. हादऱ्यानं झिजायचं. दर दोन-अडीच वर्षांनी नवं लागायचं.’ मग स्टोअरमधून का नाही घेतलंस? ‘साहेबाला काय सांगू? पहिलं कुणाचं होतं ते सांगू?’ मग आम्हाला तरी सांगायचंस! तर तो माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, ‘कसं सांगू? तू रोज सकाळी येऊन त्या पायाला थाप मारायचास. तुझं झाकण झिजून कचऱ्यात गेलंय, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? दुपारी भोंगा येऊन थाप मारायचा. वेल्डर मुद्दाम वाट वाकडी करून यायचा. टाइमकीपर फेरीला आला की इकडं-तिकडं बघून एक बोट लावायचा. शेवटी तुम्ही सगळे गेलात, कुणाचंच झाकण उरलं नाही, म्हणून माझं लावलं.’

चौघांनी आपापले बोडके डबे जवळ ओढले. भोंग्यानंसुद्धा! मला वाईट वाटलं, खरं सांगतो. म्हटलं, निदान एवढं सांग, माझं किती टिकलं? उस्ताद जवळ आला, खांद्यावर हात टाकला आणि कानात म्हणाला, ‘तुझंच सगळ्यात जास्त टिकलं रे.’ बरं वाटलं. अगदी बरं वाटलं. आणि वळून बघतो तर हा टाइमकीपरच्या खांद्यावर हात टाकून कानात काहीतरी सांगतोय, आणि तो पण डोळे पुसतोय!

मुलगी म्हणाली, मग बोर्डावर उस्तादांचं नाव टाकते. तर हा म्हणतो, ‘टाकायचं तर पाचही टाक, नाहीतर एकही नको.’ ती म्हणाली, काका, बोर्डावर जागा दोनच ओळींची आहे, बघते. बघते म्हणाली! तिथंच मला कळायला हवं होतं.

काल गेलो बघायला. बायकोलाही नेलं, वाटेत थापेसकट सगळी गोष्ट सांगितली, म्हटलं, इतकी वर्षं बोललीस ना, आता वाच माझं नाव. गेटपाशी चौथरा, त्यावर सात नंबर. हिरवा रंग दिलाय त्याला, हिरवा! आयुष्यभर राखाडी होतं बिचारं. शेजारी बोर्ड. चष्मा पुसला. वाचला. दोनच ओळी. ‘जुने यंत्र. कृपया हात लावू नये.’

बस्स! अकरा वर्षं, पाच झाकणं, आणि हात लावू नये! तेवढ्यात ही सरळ चौथऱ्यावर चढली, मागच्या डाव्या पायापाशी वाकली आणि दिली एक थाप. वॉचमन ओरडत आला, ‘ओ मावशी! बोर्ड वाचता येत नाही का?’ मी पुढं झालो, छाती काढली, तोंड उघडलं, आता सांगतोच म्हटलं याला...

तर ही कमरेवर हात ठेवून त्याला म्हणते, ‘झाकण माझं होतं!’

घ्या. आता सहा झाले.