उशाशी बसणारी

महाडच्या मोटारस्टँडवर रावजी बसले होते. पाठीमागच्या बाकावर एक दीर आपल्या विधवा भावजयीला घरी परतवू पाहत होता. ती पोलादपूरच्या जुन्या हॉटेलात स्वयंपाकाला निघाली होती. दोघांचं बोलणं रावजींच्या कानावर पडत होतं.

“वयनी, त्या हाटेलात भूत हाय. जुनी मालकीण मेली, पण चूल सोडत नाय.”

“काय करते ती?”

“निजलेल्या उतारूच्या उशाशी बसते नि विचारते, जेवलास का?”

“मग?”

“मग काय, माणसं पळतात.”

“तुमच्या घरात मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाय, भावोजी.”

“आता विचारू की. घरी चल.”

“गाडी लागली. बोचकं द्या इकडं.”

“आणि ती समोर आली तर?”

“तिला पाट मांडीन. सगळ्यांना वाढता वाढता मेली बाई, आता एकदा बसून जेवू दे.”