यांच्या वाटणीची नमो मरिया

मी मूळची घोडबंदर रोडची. आता तिकडे टॉवर बघता ना तुम्ही, नावं सगळी इंग्लिश, तिथे आमची भातशेती होती, आणि बांधाच्या टोकाला चुना लावलेला पांढरा क्रूस. बापूस शेतातून यायचा तो आधी क्रुसापाशी डोक्यावरचं फडकं काढायचा, मगच घरी. घरात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती, तिच्याखाली लाल दिवा. मी लहान होती, मी आयला विचारलं, गं आय, याचं काळीज असं छातीच्या बाहेर का, दुखत नाही का त्याला? आय तांदळाची भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, दुखतं ना, म्हणूनच बाहेर ठेवलंय, दुसऱ्या कुणाला दुखत असेल तर त्याला कळावं कुणाकडे जायचं ते. एवढं बोलून म्हणाली, जा, पाणी आण.

रोज संध्याकाळी रोझरीची माळ जपायचो, तिच्या शेवटी आम्ही म्हणायचो, येशू, माझं हृदय तुझ्या हृदयासारखं कर. म्हणायचो कसलं, पळवायचो, भाकरी गार होते म्हणून.

लग्न होऊन माजिवड्याला आली, गावठाणात. तेव्हा बैठं घर होतं, आता त्याच जागेवर बिल्डिंग झाली. आमचे हे, अंतोन नाव यांचं, कारखान्यात लेथवर होते. माणूस अगदी गप्प. आणि मी ही अशी, बघताय ना. सासू म्हणायची, देवाने हिला तोंड दिलं आणि आमच्या अंतोनला कान दिले, जोडा बरा जमला.

आमच्यात रोझरी दोघांनी म्हणतात. एकाने सांगायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. प्रत्येक मण्याला येशूच्या आईची प्रार्थना, नमो मरियापासूनचा पहिला अर्धा सांगणाऱ्याचा, पवित्र मरियेपासून पुढचा अर्धा उत्तर देणाऱ्याचा. लग्नानंतर पहिल्या संध्याकाळपासून पहिला अर्धा यांचा, दुसरा माझा. दिवसभरात यांचा आवाज मला तेवढाच ऐकू यायचा, मी चेष्टा करायची, म्हणायची, मरियाबाईशी बरं बोलता हो, माझ्याशी बोलायचं तर जीभ झिजते.

मग गेल्या वर्षी, ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार. चर्चमध्ये मिस्साला गेलेलो दोघं, झावळी घेऊन परत येताना यांचं तोंड वाकडं झालं, झावळी खाली पडली. हॉस्पिटल झालं, सगळं झालं. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, आजी, त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द जुळत नाहीत, येतील किंवा नाहीही येणार. मी देवाला सांगून टाकलं, मला यांचं चालणं नको फिरणं नको, यांच्या तोंडून एक नमो मरिया ऐकव, दुसरं काही मागणार नाही.

मग मी काय करायची, रोझरी यांच्या डाव्या हातात द्यायची आणि दोन्ही अर्धे मीच म्हणायची, मोठ्याने, पोराला शिकवतात तसं, की यांना आठवेल. आणि काय सांगू तुम्हाला, हे मूठ आवळायचे. मणी पुढे सरकू द्यायचे नाहीत. मी ओढायची, हे सोडायचे नाहीत, भिंतीकडे तोंड करायचे. मला वाटलं, हे देवावर रुसले, यांची श्रद्धा गेली. फादरांपुढे जाऊन रडली. ते म्हणाले, शांत मन मागा, ज्यात ऐकायला जागा असेल असं हृदय मागा. मी मनात म्हटलं, गप्प राहणं हे मठातल्या सिस्टर लोकांचं काम, आम्ही गप्प राहिलो तर घरात तांदूळ कोण मागवील?

शेजारी शालनताई राहतात. त्या बौद्ध, शाळेत शिपाई होत्या, मिस्टर त्यांचे पावसाळ्यात वारले. एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हणाल्या, फिलूबाय, रागावू नका, पण आधी भिंतीतनं तुमचे दोन आवाज यायचे, एक थांबला की दुसरा, आता एकच येतो, धापा टाकत. अंतोनबाबांची जागाच ठेवत नाही तुम्ही. मला लागलं. मी म्हटलं, अहो, ते बोलत नाहीत, जागा ठेवू कुणाला? तर म्हणाल्या, ज्याला यायला उशीर होतो त्याचं ताट झाकून ठेवतोच ना आपण.

त्या संध्याकाळी मी दिवा लावला, क्रुसाची खूण केली आणि यांच्या अर्ध्याला तोंड मिटून बसली. गप्प बसणं इतकं कठीण असतं मला माहीत नव्हतं, शब्द आपोआप दातापर्यंत यायचे. पंखा ऐकला, पुलावरच्या गाड्या ऐकल्या, मग यांचा श्वास ऐकला. आणि बघते तर मूठ सैल झालेली, अंगठा मण्यावर हळूहळू फिरतोय. फिरला, थांबला, आणि यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर बघायचे तसंच, की माझं झालं, आता तू. रुसले नव्हते हो. त्यांच्या वाटणीचं मीच हिसकावत होती. मला रडण्याने उत्तर देता येईना, तर हे वाट बघत राहिले.

तिथून आमची रोझरी लांबली. आणि गप्प बसलं की पलीकडचंही ऐकू येतं. शालनताईंकडे रोज त्याच वेळेला नळ वाहायचा. मी त्यांना पूर्वी बोललीसुद्धा होती, पाणी जपून वापरा म्हणून. एक दिवस यांचा अंगठा फिरत असताना मला नळाच्या आतलं ऐकू आलं. बाई नळ सोडून रडत होती. किती महिने, माझ्या भिंतीला लागून, आणि माझी प्रार्थना इतकी मोठ्याने चाललेली. भाकरी थापताना आय म्हणाली होती ते आठवलं. मी यांना म्हटलं, आलीच, आणि यांनी स्वतः रोझरी चादरीवर ठेवली. दार वाजवलं. त्यांनी ओल्या तोंडाने उघडलं. मी म्हटलं, नळ बंद करा आणि आमच्याकडे येऊन बसा.

तेव्हापासून रोज येतात. प्लास्टिकच्या खुर्चीवर डोळे मिटून बसतात, मनात त्यांचं काय चालतं मी विचारत नाही.

हे आता थकलेत, अंगठाही थकलाय. तो एक आवाज देवाने दिला नाही. मागत नाही असं नाही, कधी कधी तोंडात येतं, पण आता ते आयच्या वेळचं मागणं हळू म्हणते, माझं हृदय तुझ्या हृदयासारखं कर, शब्द न शब्द. माझ्या अर्ध्यात शेवटी येतं, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. तेच मी सगळ्यात जास्त पळवायची. आता तिथे हे माझ्याकडे बघतात, मग मी सावकाश जाते. परवा मी शालनताईंना म्हटलं, हे आधी गेले तर यांचा अर्धा मी रिकामा ठेवीन, पण मी आधी गेली तर यांना उत्तर कोण देणार?

त्या म्हणाल्या, तुमचा अर्धा मला भिंतीतनंच पाठ झालाय.

बरं, दिवा लावायची वेळ झाली. तुमचं कल्याण होवो, घरी सगळे बरे असोत. बसायचं असेल तर बसा आमच्याबरोबर. फक्त यांची वेळ असेल तेव्हा बोलू नका.