टायर काय, गोलच की!

"अहो, पण टायर काय, सगळे गोलच की!"... तुम्हाला सांगतो, आमचा शेजारी भिकाजी टायरच्या दुकानात उभा राहून हेच बोलत होता आणि घाम पुसत होता! कारण आदल्याच दिवशी रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या उतारावर, भुरभुर पावसात, याने ब्रेक दाबला, तर गाडी थांबायची सोडून निघाली की हो समुद्र बघायला! कठड्याला टेकली म्हणून वाचली! आणि समुद्राच्या बाजूला बसलेली कोण? त्याची बायको, गोदा! ती उतरली, चाकावरून बोट फिरवलंन आणि म्हणते, "हे टायर की लाद्या हो? आपल्या दर्शनाला खेडच्या सासरहून बाळंतपणाला आणायचंय. बदला, नायतर माझी पोर एसटीने येईल!" आठव्या महिन्यातली पोर, एसटीने? भिकाजीने थेट टायरचं दुकान गाठलं!

दुकानदार महिपत विचारतो, "कसले देऊ?"

"थांबणारे द्या!"

"थांबतात सगळेच... कुठे थांबतात, ते बघायचं!"

आता बोला! महिपत एकेक टायर दाखवायला लागला, "हे पावसात धरतात, पण लवकर झिजतात. ते झिजत नाहीत, पण ओल्यात..."

"ओल्यात काय?"

"...जपून चालवायचं."

तेवढ्यात मुंबईहून मेव्हण्याचा फोन! "भावोजी, रुंद घाला, रुबाब दिसतो!" इकडे महिपत, "रुंद वळताना घासतील हां!" भिकाजीचं डोकं गरगरायला लागलं... टायर काय, गोलच की, गोलच की... पण डोळे मिटले की दिसायचा तो कठडा, त्यापलीकडचा समुद्र, आणि गोदाच्या जागी दर्शना! ओरडलाच, "पावसात धरणारे! चारही बदला!"

आणि निघाले हो खेडला. येताना पाऊस असा, की काचेपलीकडे काही दिसेना. वळण आलं, आणि रस्त्यात म्हैस! आडवी! भिकाजीने ब्रेकवर उभं राहायचंच बाकी ठेवलं. गोदाने डोळे मिटले, दर्शनाने पोट धरलं, आणि गाडी...

थांबली! म्हशीच्या नाकासमोर, खिळा ठोकल्यासारखी! भिकाजीने स्टिअरिंगवर थाप मारली, "थांबली गो, गोदा! टायर काय, गोलच..."

धाड्!

मागून टेम्पो! दर्शनाला काही लागलं नाही, बंपर तेवढा लोंबकळला. टेम्पोवाला डोकं बाहेर काढून वर भिकाजीलाच, "ओ काका, असं जागच्या जागी थांबतात होय? मागच्याचा काही विचार?"

गोदाने शांतपणे भिकाजीच्या हातात छत्री दिलीन.

"उतरा आता. त्यालाही टायर निवडून द्या."