हिरव्या शाईचं मत

आजच्या समारंभाचं अध्यक्षस्थान भूषवणारे सन्माननीय मुख्यमंत्री, सर्व पक्षांचे गटनेते, फुलांच्या ढिगामागे जवळजवळ दिसेनासे झालेले आपले मावळते विधानसभाध्यक्ष हेनिंग टीसमान, त्यांच्या पत्नी इल्झेबाई, आणि बटाट्याचं सूप निवतंय म्हणून चुळबुळणारे सर्व सभासदहो,

उपाध्यक्षा म्हणून पाच वर्षं मी यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. गौरवाचं भाषण मीच, त्यांच्या या आल्मुटनंच करावं, हा हेनिंग यांचाच आग्रह. घ्या तर मग.

त्यांचा वक्तशीरपणा, त्यांची घंटा, यावर आधीच्या वक्त्यांचं बोलून झालं. मी त्यांच्या पेनाबद्दल बोलते. आपल्या जर्मनीत सरकारी कागदावर हिरवी शाई फक्त मंत्र्याची, हे शिपायालाही ठाऊक असतं. हेनिंग दहा वर्षं कायदामंत्री होते. खातं सुटलं, पेन काही सुटलं नाही.

पाच वर्षांपूर्वीची पहिली बैठक आठवते ना? सभासद अठ्ठ्याऐंशी, त्यात आमच्या आघाडीचे पंचेचाळीस, आणि अध्यक्षपदाची उमेदवार मी. या सदनाची पहिली बाई अध्यक्ष होणार म्हणून माझी म्हातारी आई नवा कोट घालून प्रेक्षकांत बसली होती. गुप्त मतदान झालं. बाजूनं चव्वेचाळीस, विरोधात त्रेचाळीस, एक बाद. हवी होती एकूण सभासदांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे पंचेचाळीस.

तासभर कामकाज थांबलं. मित्रपक्ष म्हणाला, बाईंच्या स्वतःच्याच माणसांना बाई नकोत. हेनिंगनी माझा हात हातात घेतला. "आल्मुट, शपथेवर सांगतो, मी तुलाच मत दिलं." दुसऱ्या फेरीला उमेदवार कोण? तेच. पंचेचाळीस मतं, पुष्पगुच्छ, टाळ्या. आई टाळ्यांच्या आधीच निघून गेली.

मोजणीला डोर्टे विबूश होती, आता निवृत्त आहे. तिनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, बाद मतपत्रिकेवर फुली माझ्याच नावापुढे होती, पण हिरव्या शाईत. मतदानाच्या आडोशाला निळं पेन दोरीनं बांधलेलं असतं. वेगळ्या शाईतलं मत ओळखू येतं, म्हणून बाद. तो नियम करणाऱ्या समितीचे प्रमुख कोण होते? हेनिंगच.

सवयीनं झालं असेल, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. पण हेनिंग, त्या तासाभरात पेन तुझ्या खिशात होतं. 'ते मत माझं, पुन्हा मतदान घ्या' एवढं म्हणायला तुझं काय जात होतं? खुर्ची जात होती, दुसरं काय! आई शेवटच्या आजारपणातही मला विचारायची, तुझ्याच लोकांना तू का नको होतीस गं. माझ्याकडे उत्तर होतं, पण कुणाचं नाव घ्यायची लाज वाटत होती. आता ती लाज संपली.

सदनातर्फे घड्याळ देऊन झालं आहे. माझ्याकडून हे निळं पेन, दोरीसकट.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करा. मात्र ते सवयीनं झालं, असं मी म्हणणार नाही.