पापड आणि ग्राफिक्स कार्ड

भाजलेला पापड दिसला की मला अजून ग्राफिक्स कार्ड आठवतं. हसू नका रे!

फ्लॉपीचे दिवस होते. मी लिहिलेलं बिलांचं सॉफ्टवेअर सगळीकडे चालायचं, फक्त उल्हासनगरात लालूमलदादांच्या दुकानात टेस्ट फेल. स्क्रीनवरचे आकडेच गायब! दोष त्यांच्या कार्डाच्या भिकार ड्रायव्हरचा, पण रोज खेटे मी घालायचो. बदलापूरच्या खोलीवर तरी कोण वाट बघत होतं? दादाही एकटेच. गेलो की सिंध्यांच्या रीतीप्रमाणे आधी पापड-पाणी.

शेवटी नवा ड्रायव्हर मिळाला. टाकला, सगळ्या टेस्ट पास.

“झालं दादा, उद्यापासून माझी कटकट नाही.”

दादांनी भाजायला घेतलेला पापड परत डब्यात ठेवला.

“एक तो फेल रख ना, साईं.”

मी जुन्या ड्रायव्हरची फ्लॉपी परत आत सरकवली.