मास्तरांची विमानबंदी

दोन हजार तीन सालची गोष्ट. विमानतळावर सामानाच्या खिडकीशी एक निवृत्त नर्सबाई रांगेत होत्या. त्यांच्या पुढे एक म्हातारी आणि तिच्या नवऱ्याची शवपेटी.

खिडकीतला कारकून म्हणाला, “आजी, या नावाला विमानबंदी आहे. सरकारी यादीत आहे.”

“अरे बाळा, पण ते गेले!”

“नाव काढायला त्यांना स्वतः हजर राहावं लागेल.”

“हे काय, हजरच आहेत. विचार काय ते.”

“चेष्टा नको. यादीतला माणूस विमानात धोक्याचा.”

“जन्मात झुरळ मारवलं नाही त्यांच्यानं! गावी मुलं खोळंबलीत रे. मातीला तरी पोचू दे.”

“एक तोड आहे. माणूस न लिहिता सामान लिहितो. सामानाला बंदी नाही.”

“सामान? अख्ख्या गावाला शिकवलंय त्यांनी!”

“मग पेटी इथेच राहील.”

म्हातारीने पेटीवर हात ठेवला.

“लिही बाबा. पण वर ‘नाजूक, सांभाळून उचला’ अशी चिठ्ठी लाव.”

कारकुनाने दोन लावल्या.

मास्तर संध्याकाळी गावी पोचले. म्हातारी मुलांकडे पुष्कळ वर्षं जगली. कारकून साहेब झाला. नर्सबाई त्यानंतर रेल्वेनेच फिरल्या. मास्तरांवरची बंदी सरकारने पुढे आजन्म केली.