मांडीवरची पेटी

मंडळी, पूर्वरंग झाला, आता आख्यानाकडं वळू. त्याआधी एक प्रश्न विचारते. उत्तराची घाई करू नका. रस्त्यात खड्डा आहे. गाडी त्यावरून गेली. धक्का बसला. पण गाडीतल्या एकाला तो जाणवलाच नाही. मग तो धक्का गेला कुठं?

पुढं बसलेले काका म्हणतात, जिरला. बरं, जिरला. कशात जिरला? आज आपल्याला तेवढंच शोधायचं आहे.

आजच्या कथेत राजा नाही, राक्षस नाही. एक पांढरी गाडी आहे. मागं कुणीतरी हसलं. अहो, पुराणातला रथ तुम्हाला चालतो, मग गाडीनं काय पाप केलंय?

तर गडहिंग्लजला अनंत कुराडे नावाचे पेटीमास्तर. वय सदुसष्ट. चाळीस वर्षं कीर्तनाला साथ केलेली. त्यांचा एक नियम होता – प्रवासात पेटी मांडीवर. एसटी असो, जीप असो, पेटी डिकीत नाही की पायाशी नाही. कुणी म्हणालं, "मास्तर, ठेवा की खाली," तर विचारायचे, "तुमचं पोरगं ठेवता व्हय खाली?"

त्यांचा मुलगा धैर्यशील. पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं त्याचं दुकान आहे. वडिलांना आणि मला कार्यक्रमाला तोच नेतो. मास्तर मागच्या सीटवर पेटी घेऊन, धैर्यशील चालवायला, आणि त्याच्या शेजारी पाय पसरून मी.

एक दिवस धैर्यशीलच्या मनात आलं, गाडी लो करायची. म्हणजे खाली घ्यायची, जमिनीलगत. कोल्हापूरला त्यानं तशी एक गाडी पाहिली होती. चाक आणि वरची पत्र्याची कमान यांत बोट शिरणार नाही, अशी. तो गेला इस्माईल बारगीर यांच्या गॅरेजला.

"इस्माईलभाई, स्प्रिंगची दोन वेटोळी कापा."

"कापतो की. पण धैर्या, स्प्रिंग कापली की नुसती आखूड होत न्हाई, कडक पण होती. वर खाली व्हायला जागा ऱ्हात न्हाई. जरा मोठा खड्डा आला की गाडी आतल्या रबरावर आपटणार."

"ते राहू दे. दिसंल कशी ते सांगा."

इस्माईलभाई खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "दिसंल भारी."

झालं. त्या दोन शब्दांवर सात वेटोळ्यांतली दोन गेली.

आणि मंडळी, गाडी खरंच सुंदर दिसायची. मी आज इथं उभी राहून छानछोकीला नावं ठेवणार नाही. देवाची पालखी आपण नुसती बांबूला बांधून नेत नाही, फुलं लावतो. डोळ्यांनाही काहीतरी लागतं.

पण धैर्यशीलला मनातून शंका होती. इस्माईलभाईंचे शब्द डोक्यात होते. म्हणून त्यानं एक परीक्षा ठरवली. मुक्कामी पोचलो की मास्तर पहिल्यांदा पेटी उघडून षड्ज दाबतात, मग एकेक सूर तपासतात. पेटी नाजूक. तिला धक्के बसले की ती लगेच सांगते. धैर्यशील शेजारी उभा राहून ऐकायचा. सूर चोख.

"बघा अण्णा, एक सूर हलला न्हाई. म्हंजे गाडीला काय झालेलं न्हाई."

"न्हाई रे," मास्तर म्हणायचे.

मी भौतिकशास्त्राची पदवीधर. मला विचारलं, "काय ताई, बरोबर ना?" मी मान डोलावली. मोजमाप होतं, पुरावा होता, अजून काय पाहिजे? शिवाय मी पुढच्या सीटवर. तिथं गादी जाड, आणि खड्डा आधी दिसतो, माणूस सावध होतो.

दोन महिने गेले. मास्तर एकेका कार्यक्रमाला नाही म्हणू लागले. चंदगडला नाही. नेसरीला नाही. घरात रियाज मात्र रोज चालू. आम्ही म्हटलं, वय झालं. किती सोपं असतं हो हे म्हणणं! 'वय झालं' म्हटलं की पुढं कुणी काही विचारतच नाही.

मग आजऱ्याच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. पेटी समोर ठेवली. "ताई, आजऱ्यात पाटणकर म्हणून वाजवणारा आहे. हात चांगला आहे त्याचा. ही त्याला द्या. आता बास."

"उद्यापुरती ना?"

"कायमची."

चाळीस वर्षांची पेटी, मंडळी. त्यांनी तिच्यावर पांघरूण घातलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले. धैर्यशील दारात उभा होता.

दुसऱ्या दिवशी निघालो. मास्तर घरी. मागच्या सीटवर घोंगडी घातली, वर पेटी, तिला सीटचा पट्टा बांधला. आजऱ्याला पोचलो. पाटणकरांनी भाता उघडला, हवा भरली, अजून बोटही ठेवलं नव्हतं आणि काळी चार आपोआप वाजायला लागली. थांबेना. त्या पट्टीखालची बारीक स्प्रिंग जागेवरून निसटली होती. आणखी दोन सूर नुसती हवा सोडत होते.

पाटणकर म्हणाले, "ताई, ही पेटी काय बैलगाडीतनं आणली?"

आता नीट ऐका. गाडी तीच. रस्ता तोच. चालवणारा तोच, वेग तोच. प्रयोगात एकच गोष्ट बदलली होती. सीट आणि पेटी यांच्यामध्ये रोज एक सदुसष्ट वर्षांचा माणूस असायचा, तो त्या दिवशी नव्हता.

गाडीची स्प्रिंग कापली होती, तिचं काम दुसरं कुणीतरी करत होतं. गाडीतला धक्का पेटीपर्यंत पोचत नव्हता, कारण तो मास्तरांच्या कमरेत थांबत होता. आणि आम्ही दोघं शहाणे पेटीचा सूर मोजून म्हणत होतो, सगळं ठीक आहे.

धैर्यशीलनं पेटी परत घेतली आणि किल्ली माझ्या हातात दिली. "ताई, परत जाताना तुम्ही चालवा." तो मागं बसला, पेटी मांडीवर घेऊन. तिसऱ्या गतिरोधकाला मागून आवाज आला, "हळू." मी म्हटलं, "धैर्यशील, वीसवर आहे."

घरी आल्यावर त्यानं वडिलांसमोर पेटी ठेवली आणि खाली बसला. बसताना कमरेला हात गेला. मास्तरांनी ते बघितलं.

"अण्णा, बोलला का न्हाई?"

"काय बोलू? गाडी पुसताना तुझं तोंड कसं असतं, बघितलंयस कधी?"

"म्हणून पेटी सोडायला निघाला?"

मास्तर पेटीवरून हात फिरवत राहिले. "गाडी सोड म्हणण्यापेक्षा ते सोपं वाटलं."

दुसऱ्या दिवशी दोघं गॅरेजला गेले. धैर्यशील म्हणाला, "इस्माईलभाई, होती तशी करा. कंपनीतनं आली तशी."

तेवढ्यात मास्तर म्हणाले, "सगळी वर नको रे. जरा खालीच बरी दिसती. शेजारचे बघतात तवा मला पण बरं वाटतं."

इस्माईलभाई हसले. "मास्तर, हे आधी सांगायचं की. दोन्ही जमतं, मापात घेतलं तर." कापलेल्या स्प्रिंगा काढल्या. कमी उंचीसाठीच बनवलेल्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप बसवले. आधी तीन इंच खाली घेतली होती, ती आता सव्वा इंच. आणि मागच्या वेळी उंची रिकाम्या गाडीची मोजली होती. या वेळी इस्माईलभाई म्हणाले, "मास्तर, मागं बसा. पेटी घ्या. आता मोजतो."

मंडळी, त्या माणसाला न बसवता घेतलेलं माप खोटं होतं.

मग पेटी दुरुस्त करून आम्ही पहिल्यांदा निघालो, उत्तूरच्या कार्यक्रमाला. पोचल्याबरोबर धैर्यशीलनं सवयीनं पेटी उघडली, षड्ज दाबायला बोट पुढं केलं. मास्तरांनी ते बोट धरलं.

"पेटीला काय विचारतोस? मला विचार."

आता तुम्ही सांगा, धक्का कुठं जातो? तुमचं घर छान चाललंय. डबा वेळेवर, पाहुणे खूश, कुणाची तक्रार नाही. सूर चोख आहे. म्हणून खड्डेच नाहीत असं समजू नका. मागच्या सीटवर कुणीतरी पेटी मांडीवर घेऊन बसलेलं असेल. ते आपण होऊन बोलणार नाही. तुमचं हसरं तोंड बघून गप्प राहील, आणि एक दिवस म्हणेल, आता बास. तुम्ही म्हणाल, वय झालं.

आज घरी गेल्यावर विचारा. पण घर नीट चाललंय का, असं विचारू नका. तुला कुठं दुखतंय, असं विचारा.

मी आज येताना विचारलं. हे इथं माझ्या डाव्या हाताला पेटीवर बसलेत, त्यांनाच. म्हणाले, "नदीच्या पुलावर एक जरा जोरात लागला. धैर्याला सांगा." सांगितलं. परत जाताना पुलावर गाडी हळू जाईल.

मास्तर, काळी दोन द्या. मंडळी, टाळ घ्या हातात. नामाकडं वळू.